तिच्या सायकलची सीट

मी शाळेत खेळ शिकवतो. नेकनूरच्या रस्त्यावरून आत वळलं की आमचं गाव आणि गावाच्या टोकाला शाळा. तीन बाजूंनी वर्ग, चौथ्या बाजूला ग्राउंड. बावीस वर्षं मी बीडहून मोटारसायकलवर तिथं जातोय. गळ्यात शिट्टी, डोक्यावर टोपी आणि आवाज असा की शेजारच्या रानात खुरपणाऱ्या बायाही मान वर करून बघतात. पोरं मला घाबरतात हे मला माहीत होतं. खरं सांगायचं तर ते मला आवडायचं.

लांबच्या वस्त्यांवरून येणाऱ्या आठवीच्या मुलींना सरकारकडून सायकली मिळतात. त्या वर्षी सायकली आल्या तेव्हा मुख्याध्यापकांनी सगळं काम माझ्याकडे दिलं. खेळाचा मास्तर म्हणजे सायकलीतलं त्याला कळणारच, असा सगळ्यांचा समज होता. माझाही होता. आदल्या वर्षी एका मुलीला थांबताना पाय टेकवता आला नव्हता, ती पडली आणि तिचा हात मोडला. तिच्या घरची माणसं शाळेत येऊन मला बरंच बोलून गेली होती. म्हणून या वेळी मी पाना घेऊन बसलो आणि एकूण एक सायकलची सीट पार खाली, दांडा आत जाईल तितकी खाली केली. नियम सांगितला, सीटवर बसल्यावर दोन्ही तळपाय जमिनीवर पूर्ण टेकले पाहिजेत. जिची सीट वर दिसेल तिला ग्राउंडला दोन चकरा.

त्या मुलींत एक उंच, लांब पायांची मुलगी होती. पाच किलोमीटरवरच्या वस्तीवरून यायची. वडील गवंडी, आई गावोगाव फिरणारी आशा कार्यकर्ती. धाकटी बहीण पाचवीत होती. खो-खोत ही मुलगी विजेसारखी होती. पाठीवर खो बसला की बसल्या जागेवरून कशी सुटायची ते डोळ्यांना दिसायचं नाही. तालुक्याला आपला संघ जिंकणार तर हिच्या जिवावर, असं मी स्टाफरूममध्ये कितीदा तरी म्हणालो असेन. तिला मात्र कधी म्हणालो नाही.

दिवाळीच्या सुट्टीनंतर एकदा प्रार्थना झाल्यावर ती माझ्याजवळ आली.

"सर, गुडघा दुखतोय."

"कुठं पडलीस?"

"पडले न्हाई. सायकल चालवून दुखतोय. इथं, वाटीच्या म्होरं."

"सायकलनं गुडघा दुखत नसतो, सायकलनं गुडघा मजबूत होतो," मी म्हणालो. "मोबाइल कमी कर आणि रोज शंभर उठाबशा काढ."

तिच्याकडे मोबाइल नव्हता. उठाबशा मात्र तिनं काढल्या. रोज सकाळी, मोजून शंभर. हे मला फार उशिरा कळलं.

महिन्यातून एकदा मी सायकली तपासायचो. ब्रेक, घंटी, हवा. मुली आपापली सायकल घेऊन रांगेत उभ्या राहायच्या. त्या महिन्यात हिच्या सायकलची सीट चांगली चार बोटं वर होती.

"ही कुणी वर केली?"

"पप्पांनी."

"तुझे पप्पा इंजिनिअर आहेत का?"

रांगेतल्या मुली हसल्या. ती म्हणाली, "पप्पा म्हणले, पाय जरा सरळ व्हायला पायजे. वीस वर्षं झाली, ते सायकलीवरच कामाला जातात."

"शाळेत कुणाचं ऐकायचं?"

"तुमचं, सर."

मी पाना मागवला, तिच्यासमोर सीट खाली केली आणि बोल्ट इतका आवळला की माझ्याच हाताला रग लागली. मग तिला ग्राउंडला दोन चकरा मारायला लावल्या. दुखऱ्या गुडघ्यानं ती पळाली. दुसऱ्या चकरेत लंगडत होती.

हे सांगायला जड जातं, पण इथवर आलोय तर सांगतो. त्याच रांगेत, दोन सायकली सोडून, आणखी एक सीट वर होती. ती मुलगी गावातल्या मोठ्या बागायतदाराची. तिच्या वडिलांचा मला आठ दिवसांपूर्वी फोन आला होता, "सर, लेकीला सीट लई खाली होतेय, जरा ॲडजस्ट करून घेतलीय, चालंल ना?" मी म्हणालो होतो, चालेल की, त्यात काय. त्या दिवशी मी तिच्या सायकलची घंटी वाजवून बघितली आणि पुढे गेलो. रांगेतल्या प्रत्येक मुलीनं ते बघितलं. मी ह्याला मनातल्या मनात फार दिवस काहीबाही कारणं देत होतो. तिचे वडील शाळेच्या समितीवर आहेत, तिची सीट थोडीच वर होती, वगैरे. गवंड्याच्या बौद्ध वस्तीवरून फोन येणार नाही, आला तरी मी तो तसा घेणार नाही, हे मला आतून ठाऊक होतं. तेवढंच खरं होतं.

पुढच्या आठवड्यात तिची आई आली. खांद्याला रजिस्टरांची पिशवी, सकाळपासून फिरून दमलेली. मी ग्राउंडच्या कडेला खुर्ची टाकून बसलो होतो. तिला बस म्हणालो नाही.

"सर, पोरीचा गुडघा लई दुखाय लागलाय. तिच्या पप्पांनी सीट वर केलती तवा आठ दिवस बरं हुतं. तुमी परत खाली केली. कावून केली तेवढं सांगा."

मी तिला नियम सांगितला. पडली तर जबाबदारी कुणाची ते विचारलं. वाढत्या वयात पोरींना असं काहीतरी दुखतच असतं, हेही सांगितलं. शेवटी म्हणालो, "तुम्ही आशा आहात ना? मग तिचं रक्त तपासून घ्या. अंगात रक्त नसेल."

"तपासलंय सर," ती म्हणाली. "हिमोग्लोबिन बारा हाय."

 मी शिट्टी वाजवून मुलांना उगाचच रांगेत उभं केलं. ती पिशवी सावरून निघून गेली.

मुलगी नववीत गेली. तालुक्याच्या स्पर्धेसाठी संघ निवडायचा होता. सराव सुरू झाला आणि पहिल्याच दिवशी लक्षात आलं की ती पूर्वीसारखी उठत नाहीये. खो मिळाला की एक क्षण हात जमिनीला टेकायची, मग उठायची. खो-खोत तेवढ्या वेळात समोरची मुलगी खांब गाठते. मी दोन दिवस ओरडलो. तिसऱ्या दिवशी सगळ्या शाळेची मुलं ग्राउंडभोवती जमलेली असताना मी तिला मधल्या पाटीवर, दोन खांबांच्या मधोमध, उभं केलं आणि म्हणालो, "हिला काही झालेलं नाही. ही नाटकी आहे. नाटकी मुली माझ्या संघात नकोत."

ती रडली नाही. पायांवरची धूळ झटकून वर्गाकडे गेली. त्यानंतर पोरं तिला 'नाटकी' म्हणायला लागली. मधल्या सुट्टीत, पाण्याच्या टाकीपाशी, ते माझ्या कानावर यायचं. मी कुणाला गप्प केलं नाही.

आमचा संघ पहिल्याच सामन्यात हरला. त्याचाही राग मी तिच्यावरच धरला.

ती नववीत जायच्या आधीच्या उन्हाळ्यात मी गिअरची सायकल घेतली होती. बीडमध्ये काही नोकरदार, काही दुकानदार मिळून रविवारी सकाळी सायकली घेऊन निघायचे. पंचेचाळिशी ओलांडली होती, पोट सुटायला लागलं होतं, आणि खेळाच्या मास्तरचं पोट सुटणं बरं दिसत नाही. दुकानदारानं सायकल देताना सीट वर घ्यायला सुचवलं. मी म्हणालो, "भाऊ, मी याच लाइनीतला आहे." घरी येऊन माझ्या नियमाप्रमाणे दोन्ही तळपाय टेकतील इतकी सीट खाली केली.

दुसऱ्याच आठवड्यात मी त्या लोकांबरोबर मांजरसुंब्याचा घाट चढलो. महिन्याभरात चौसाळ्यापर्यंत जाऊन येऊ लागलो. वर्षानुवर्षं ती माणसं हळूहळू जिथवर पोचली होती, तिथं मला चार रविवारांत पोचायचं होतं. घाटात ती हलक्या गिअरवर पाय भरभर फिरवत निवांत चढायची. मी जड गिअर लावून, दात आवळून, एकेक पायडल दाबत त्यांच्या पुढे जायचो. हलका गिअर लावणं मला कमीपणाचं वाटायचं.

दिवाळीच्या सुमारास उजवा गुडघा कुरकुरायला लागला. आधी जिना उतरताना. मग खाली बसून उठताना. मग मोटारसायकलला किक मारताना अशी कळ यायची की डोळ्यांसमोर अंधारी येई. दुखणं नेमकं वाटीच्या पुढे होतं. आता वाटतं, तेव्हाच मला ती मुलगी आठवायला हवी होती. तेच शब्द वापरून, बोट ठेवून ती हेच म्हणाली होती. मला आठवली नाही. मला फक्त एवढंच वाटलं की हे कुणाला कळता कामा नये.

मी पँटच्या आत गुडघ्याला पट्टा घालू लागलो. शाळेत सांगितलं की मोटारसायकल स्टँडवरून पायावर पडली. ग्राउंडवर कवायत करून दाखवायची असली की वर्गातल्या चपळ मुलाला पुढे बोलवायचो आणि आपण शिट्टी वाजवायचो. एकदा बायकोला पट्टा दिसला. ती भाजी निवडत होती. हसून म्हणाली, "जगाला उठाबशा सांगता, मग स्वतः काढा की चार." ती सहज बोलून गेली. मी चिडून त्या रात्री जेवलो नाही.

मग कपिलधारची चक्कर ठरली. धबधब्याला अजून पाणी होतं, सगळे उत्साहात होते. मी सकाळी दुखणं थांबवायच्या दोन गोळ्या घेऊन निघालो. जाताना कसाबसा निभावलो. दर्शन घेतलं, चहा-पोहे झाले, आणि परत निघताना पहिल्याच चढाला गुडघ्यात कुणी सळई घातल्यासारखं झालं. बाकीचे बहुतेक पुढे गेले होते. मी उतरलो. मागेपुढे बघितलं, खाली बसलो आणि पुढच्या चाकाची हवा सोडून दिली. मागून येणारे दोघं थांबले तेव्हा म्हणालो, "पंक्चर झालं हो. तुम्ही व्हा पुढे." ते भले लोक, पंक्चर काढायचं सामान घेऊनच फिरणारे. लगेच खाली बसून ट्यूब काढायला लागले. बराच वेळ त्यांना भोक सापडेना. पाण्याच्या बाटलीतलं पाणी ओतून बघितलं. मी त्यांच्या डोक्यावर उभा राहून "असेल बारीक कुठंतरी" म्हणत होतो. शेवटी एका टेम्पोवाल्याला हात केला आणि सायकल टेम्पोत टाकून बीडला आलो. टेम्पोत मागे बसल्यावर पहिल्यांदा माझ्या तोंडून, आपल्याशीच, तो शब्द निघाला. नाटकी.

तिथून पुढे मला झोप लागेना असं काही झालं नाही. माणूस फार निबर असतो. मी सायकल टांगून ठेवली, आणखी दोन महिने काढले, आणि किकच मारता येईना तेव्हा कुठं फिजिओथेरपिस्टकडे गेलो. तरुण मुलगी होती, माझ्या पुतणीएवढी. तिनं गुडघा दाबून, वाकवून, मांडीचे स्नायू तपासून बघितले. मग म्हणाली, "उद्या सायकल घेऊन या."

दुसऱ्या दिवशी तिनं सायकल भिंतीला टेकवून मला वर बसवलं आणि पायडल मागे फिरवायला सांगितलं. ती बाजूला उकिडवी बसून बघत होती.

"काका, सीट एवढी खाली का?"

"पाय टेकायला पाहिजेत म्हणून."

"दोन्ही, पूर्ण?"

"हो."

"असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

 तिनं समजावून सांगितलं. सीट खाली असली की पायडल वर येताना गुडघा फार दुमडतो, आणि तसा दुमडलेला असतानाच आपण त्यावर जोर देतो. तो सगळा दाब वाटीवर येतो. म्हणून दुखणं पुढच्या बाजूला. सीट फार वर असली तर पाय ताणून गुडघ्याच्या मागे दुखतं. पाऊल पायडलवर तिरकं पडत असेल तर आतल्या नाहीतर बाहेरच्या बाजूला. "कुठं दुखतंय हे माणूस नीट सांगतो, आपण ऐकलं तर अर्धं काम तिथंच होतं," ती म्हणाली. मग तिनं जड गिअरचं विचारलं, एकदम वाढवलेल्या अंतराचं विचारलं. मी केलेली प्रत्येक गोष्ट ती एकेक करून सांगत गेली, जणू माझ्या मागे मागे सायकलवर फिरत होती. टाच पायडलवर ठेवून, पायडल अगदी खाली असताना पाय सरळ होईल इतकी सीट तिनं वर घेतली. "आता पावलाचा पुढचा भाग पायडलवर ठेवा. बघा, गुडघ्यात थोडासाच बाक राहतो. एवढाच पाहिजे."

"आणि दुखत असताना उठाबशा काढल्या तर?" मी विचारलं.

"आणखी दुखेल. कुणी काढायला सांगितल्या?"

"नाही, सहज."

"शाळेतल्या मुलींचं काही असेल तर सांगा हं. त्यांच्या सायकली बरेचदा अशाच असतात. वाढत्या अंगाला हे फार लागतं. आहे का कुणी तक्रार करणारं?"

"नाही," मी म्हणालो. "आमच्याकडे तसं कुणी नाही."

तिच्या दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना प्रत्येक पायरीला गुडघा दुखला, आणि पहिल्यांदा वाटलं, दुखू दे.

त्याच आठवड्यात मी शाळेत सगळ्या मुलींना सायकली घेऊन ग्राउंडवर बोलावलं. टाच ठेवून, मोजून, एकेकीची सीट वर घेतली. सायकलवरून उतरताना आधी सीट सोडून पुढे कसं यायचं आणि मग पाय कसा टेकायचा ते शिकवलं. दोन तासांचं काम. पाय टेकवायची भीती दोन तासांत जाते, हे मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. मुख्याध्यापक व्हरांड्यातून बघत होते. त्यांनी फोटो काढले, शिक्षकांच्या ग्रुपवर टाकले, खाली लिहिलं, 'आमच्या क्रीडाशिक्षकांचा नावीन्यपूर्ण उपक्रम'. अंगठे आले, फुलं आली, हात जोडलेले आले. मी सगळ्यांना 'धन्यवाद सर', 'धन्यवाद मॅडम' लिहीत बसलो. सीट खाली कुणी केल्या होत्या, हे एकानंही विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

ती मुलगी त्या गर्दीत होती. तिच्याजवळ सायकल नव्हती.

"तुझी कुठंय?"

"घरी हाय सर. मी चालत येते."

"कधीपासून?"

"खो-खोच्या वेळपासून. चालताना दुखत न्हाई."

पाच किलोमीटर यायला, पाच जायला. त्या काळात प्रार्थनेला उशिरा येणाऱ्यांच्या रांगेत मी तिला कितीदा उभं केलं होतं. तेव्हाही विचारलं नव्हतं.

ती दहावीत गेल्यावर मी तिला म्हणालो, परत खो-खो खेळ, आता मी बघतो. ती खाली बघून म्हणाली, "नको सर." आवाजात राग नव्हता. मी दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तिच्या वस्तीवर गेलो. मनाशी ठरवलं होतं की आईवडिलांना खेळायला पाठवायचं समजावतोय असं दाखवायचं. नाला ओलांडून चढ चढताना मोटारसायकलचा दुसरा गिअर टाकावा लागला.

घर छोटं, पण भिंतींचा गिलावा असा सफाईदार की बघत राहावं. बाबासाहेब आणि बुद्धांच्या तसबिरीखाली दोन्ही बहिणींची पुस्तकं रचलेली. वडील नुकतेच कामावरून आले होते. त्यांनी मला खुर्ची दिली, स्वतः समोर पायरीवर बसले. आईनं चहा ठेवला. मुलगी आतल्या दाराशी उभी होती. मी खो-खोबद्दल दोन वाक्यं बोललो. मग सगळं सांगून टाकलं. माझा गुडघा, माझी सीट, फिजिओथेरपिस्टनं सांगितलेलं, टेम्पो, हवा सोडलेली. शेवटी म्हणालो, "माझं चुकलं. तुमचं बरोबर होतं."

वडील बोटांवरचं वाळलेलं सिमेंट काढत होते. "सर, आमाला काय पुस्तकातलं कळत न्हाई," ते म्हणाले. "पण माजाबी गुडघा सुरुवातीला असाच दुखायचा. एका म्हाताऱ्या मिस्तरीनं सांगितलं, सीट वर घे. घेतली. दुखायचा ऱ्हायला. एवढंच हुतं ते."

आई चहाचा कप माझ्यापुढे ठेवून उभीच राहिली. "आमाला सांगून काय करू सर? आमी तर आधीच सांगितलतं. तिला तुमी सगळ्या शाळेम्होरं नाटकी म्हणलात. तितं सांगा."

"सांगतो," मी म्हणालो.

"कवा?"

"लवकरच."

मी सांगितलं नाही. रोज प्रार्थनेला माइकसमोर उभा राहायचो, सूचना द्यायचो, आणि समोर दहावीच्या रांगेत ती दिसली की पुढची सूचना वाचायला घ्यायचो. मुख्याध्यापक काय म्हणतील, पोरं ऐकतील का उद्यापासून, इतक्या वर्षांचा दरारा जाईल, असं काय काय मनात यायचं. दिवाळी गेली, सराव परीक्षा झाली. निरोप समारंभाला मी कागदावर लिहून नेलं होतं. माझं नाव पुकारलं. मी उठलो, कागद खिशातच राहिला, आणि मी 'आयुष्य हे मैदान आहे' यावर दहा मिनिटं बोललो. टाळ्या पडल्या. ती दुसऱ्या रांगेत बसली होती. तिनंही टाळ्या वाजवल्या, बाकीच्यांबरोबर, नेमानं. कार्यक्रम संपल्यावर मुली एकेक करून शिक्षकांना भेटत होत्या. ती माझ्यापाशी आली, हात जोडले, आणि पुढच्या सरांकडे गेली.

तिची परीक्षा झाली, ती शाळेतून गेली. मग कुठं मला धीर आला, हेच मला सगळ्यात जास्त लागतं. जूनमध्ये शाळा उघडल्यावर पहिल्या सोमवारी मी प्रार्थनेला सगळं बोललो. तिचं नाव घेतलं, मी काय म्हणालो होतो ते सांगितलं, ते खोटं होतं हे सांगितलं. सीट खाली मीच केल्या होत्या आणि फोटोंवरचं कौतुक माझं नव्हतं, हेही. मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. मुख्याध्यापकांनी नंतर मला बोलावून सांगितलं, "सर, एवढं सगळं बोलायची गरज नव्हती. शाळेचं नाव असतं." दरारा थोडा गेला, हे खरं. एखादा पोरगा आता समोरून उत्तर देतो. कुणी म्हणालं, सर, पोटात दुखतंय, तर मी विचारतो, कुठं दुखतंय, बोट ठेव. कधी कधी ते खोटंही असतं. चालतं.

धाकटी बहीण तेव्हा आठवीत आली होती. तिची सायकल मिळाली त्या दिवशी मी तिच्या वडिलांना निरोप पाठवून बोलावलं आणि सीट तुम्हीच बसवा म्हणालो. त्यांनी कामाचा अर्धा दिवस मोडून येऊन बसवली. चहाला थांबा म्हणालो, तर म्हणाले, "स्लॅब टाकायचाय सर, जातो."

थोरली बीडला अकरावीत होती. पावसाळ्यात एकदा बीडच्या बसस्टँडवर मला ती दिसली. गावाकडच्या गाडीची वाट बघत कठड्याला टेकून उभी होती, आणखी उंच झालेली. मी जवळ गेलो.

"गुडघा कसा आहे?"

"बरा हाय सर. पप्पांनी व्यायाम करून घेतला, आई डॉक्टरकडं घेऊन गेलती. आता सायकल बी चालवते, सुट्टीत." मग म्हणाली, "खेळत न्हाई."

"बहिणीनं सांगितलं का तुला, मी प्रार्थनेला..."

"सांगितलं."

"ते तू असताना बोलायला पाहिजे होतं. तुझी माफी मागायची राहून गेली. मी..."

माझा आवाज, सवयीनं, मोठाच लागला असणार. बाकावरच्या दोन बायांनी वळून बघितलं. एक कंडक्टर थांबला. तिच्या कॉलेजातल्या असाव्यात अशा तीन मुली पलीकडे उभ्या होत्या, त्याही बघायला लागल्या. ती एकदम लाल झाली, ओढणी सावरली, आणि इतक्या हळू म्हणाली की मला वाकून ऐकावं लागलं.

"सर, इथं नका."

मी मागे सरलो. तिची गाडी लागली. मुलींच्या घोळक्यात ती चढली, मागच्या बाजूच्या खिडकीशी बसली आणि मैत्रिणीशी बोलायला लागली. मैत्रिणीनं बहुतेक विचारलं असावं, कोण गं ते. तिनं काय सांगितलं ते मला काचेतून कळलं नाही. गाडी बाहेर पडेपर्यंत मी तिथंच उभा राहिलो, मग त्या बघणाऱ्यांना टाळून दुसऱ्या बाजूनं बाहेर आलो.